मॅचच्या घरात कुत्रं येतं तेव्हा

आयपीएलचा हंगाम आणि पिल्लं दत्तक द्यायचा हंगाम आपल्याकडे बरोबर एकमेकांवर येऊन आदळतात. रस्त्यावरच्या कुत्र्यांची वीण मुख्यतः पावसाळा ओसरल्यावर, थंडीत होते. डिसेंबर-जानेवारीत झालेली पिल्लं फेब्रुवारी-मार्चमध्ये आईपासून सुटी होतात, कुणीतरी त्यांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवतं, मुलं हट्ट धरतात आणि मार्चच्या अखेरीला पिल्लू घरी येतं. त्याच सुमाराला संध्याकाळी साडेसातला टीव्ही लागतो तो मे संपेपर्यंत बंद होत नाही. तीन ते बारा-चौदा आठवडे हे पिल्लाचं जग ओळखायचं वय. या काळात जे आवाज, जी माणसं, ज्या वस्तू त्याला सुखरूप भेटतात त्यांची पुढे सहसा भीती राहत नाही. जे जोरात दचकवून जातं ते मात्र जन्मभर चिकटू शकतं. आणि नेमक्या याच वयात आपण त्याच्या डोक्यावर रोज रात्री चार-चार तास ‘आऊट! आऊट!’ करून ओरडत असतो.

क्रिकेट सुटणार नाही आणि कुत्रंही हवंच आहे, अशा घरांसाठी हे लिहितोय. मी स्वतः त्यातलाच. दोन्ही जमतं. फक्त कुत्र्याला मॅचची गोडी लावायच्या भानगडीत पडू नका. निळी जर्सी, गालावर तिरंगा, मांडीवर बसवून सेल्फी, हे सगळं आपल्या हौसेचं. कुत्र्याला मॅच कंटाळवाणी वाटली पाहिजे, इतकी की सिक्सर गेला तरी त्यानं एक कान हलवावा आणि पुन्हा झोपी जावं. पुढचं सगळं सांगणं त्यासाठीच आहे.

आणायचा मुहूर्त

फायनलच्या शनिवार-रविवारी नवीन कुत्रं घरी आणू नका. दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवसही टाळा. दत्तक देणारी मंडळी तीन-तीन-तीनचा एक ढोबळ हिशेब सांगतात: पहिले तीन दिवस कुत्रं भांबावलेलं असतं, तीन आठवड्यांत त्याला घराचं वेळापत्रक कळतं आणि तीन महिन्यांत ते घर आपलं मानतं. प्रत्येक कुत्रं हे पाळतंच असं नाही, पण पहिल्या तीन दिवसांत घरात दहा मित्र, भेळ आणि पिपाणी नको, एवढं यातून कळलं तरी पुरे.

माझं मत विचाराल तर नव्या कुत्र्यासाठी कसोटी सामन्यासारखा मुहूर्त नाही. टेस्ट क्रिकेट मोडीत काढा म्हणणाऱ्यांनी एकदा कुत्रं पाळून बघावं. समालोचन संथ, अपील मोजकं, डीजे नाही, आणि जेवणाची चाळीस मिनिटं व चहाची वीस मिनिटं ठरलेली. इंग्लंडमधला सामना आपल्याकडे दुपारी साडेतीनला सुरू होतो आणि लंच येतो संध्याकाळी साडेपाचला, म्हणजे कुत्र्याला बाहेर न्यायच्या वेळेला. मेलबर्नची बॉक्सिंग डे टेस्ट आपल्या पहाटे पाचला सुरू होते आणि लंच सातला. पुण्यात तेव्हा नुकतं उजाडत असतं. स्वेटर घालून निघावं, चाळीस मिनिटांत कुत्र्याचं सगळं आटोपून दुसऱ्या सत्राला जागेवर यावं. इतकी सोय दुसऱ्या कुठल्याच खेळात नाही.

टी-ट्वेंटीत तसं नाही. सामना साडेतीन-चार तास चालतो, मधली सुटी आयपीएलमध्ये वीसच मिनिटांची. दोन महिन्यांच्या पिल्लाला फार तर तीन तास शू धरता येते (वय जितके महिने त्यात एक मिळवा, तितके तास, असा साधारण हिशेब आहे), आणि तेही झोपेत असताना. जागं असेल तर झोपून उठल्यावर, खाऊन झाल्यावर आणि खेळून झाल्यावर लगेच न्यावं लागतं. आता आपल्याकडे ‘भागीदारी जमली आहे, कुणी जागचं हलू नका’ हा नियम घटनेतल्या कलमासारखा पाळला जातो. पिल्लू दाराशी जाऊन जमीन हुंगत गोल फिरायला लागलं की त्याला शू आली आहे. त्या क्षणी कोण उठणार हे मॅचआधीच ठरवा. ओव्हर वाटून घ्या. पहिल्या दहा ओव्हर तुमच्या, पुढच्या दहा बायकोच्या किंवा मुलाच्या. फरशीवर शू झाली तर ओरडायचं नाही. गुपचूप पुसायचं आणि बाहेर केली की भरपूर कौतुक करायचं. आणि ही सगळी कटकट वाटत असेल तर पिल्लू आणूच नका.

नोकरी करून मॅचही बघणाऱ्यांनी दोन-तीन वर्षांचं मोठं कुत्रं दत्तक घ्यावं, असं मी आग्रहानं सांगेन. पिल्लांना घरं मिळतात. मोठी गावठी कुत्री आश्रयस्थानात पडून राहतात. त्यांचा स्वभाव आधीच कळलेला असतो, शी-शूची शिस्त लवकर लागते, बूट खायचं वय उलटून गेलेलं असतं. कानाला छोटी खाच दिसली तर समजा की नसबंदी आणि रेबीजची लस झालेलं ते कुत्रं आहे. ती खाच ओळखीसाठीच करतात. आमची चिंगी अशीच, खाच असलेल्या कानाची. फॉर्म भरताना तिथल्या माणसांना खरं सांगा: घरात आरडाओरडा असतो, रात्री जागरण असतं, पाहुणे येतात. ‘आमचं घर अगदी शांत’ असं लिहून तुम्ही कुणाला फसवत नाही, तुमच्या पदरात भित्रं कुत्रं पडेल इतकंच.

डॉक्टरांचं थोडक्यात सांगतो. पहिल्या दोन-तीन दिवसांत दाखवून आणा. पिल्लाला सहा-आठ आठवड्यांपासून डिस्टेंपर-पार्व्होची एकत्र लस, दर तीन-चार आठवड्यांनी, साधारण सोळा आठवड्यांचं होईपर्यंत. तीन महिन्यांच्या सुमारास रेबीजची लस. मग डॉक्टर सांगतील तसे बूस्टर. जंताचं औषध, गोचिडांचं औषध. मैदानाच्या कडेच्या गवतात, विशेषतः पावसाळ्यात, गोचीड हमखास चिकटते आणि गोचीडताप कुत्र्याच्या जिवावर बेततो. फिरवून आणल्यावर कानामागे, बोटांच्या बेचक्यांत हात फिरवून बघायची सवय ठेवा.

आवाज

खरा प्रश्न हा आहे. माणसाला साधारण वीस हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला पंचेचाळीस हजारांच्या आसपास. आपल्याला जी नुसती शिट्टी वाटते ती त्याच्या कानात वेगळीच घुसते. शिवाय आपलं ओरडणं त्याच्या दृष्टीनं अगदी अचानक येतं. घरातले सगळे गप्प बसलेत, कुणी नखं खातंय, आणि एकदम पाचही जण उडी मारून किंचाळतात. गोलंदाज धावत आलाय हे तुम्हाला दिसतं, त्याला दिसत नाही.

भीती ओळखायला शिका, आणि त्यासाठी क्रिकेटच्याच मैदानावरचं उदाहरण आहे. नोव्हेंबर २०१६ मध्ये विशाखापट्टणमच्या इंग्लंडविरुद्धच्या कसोटीत एक कुत्रं मैदानात घुसलं आणि शेवटी चहाची वेळ लवकर घ्यावी लागली. अशा प्रसंगी प्रेक्षक हसतात, शिट्ट्या मारतात, समालोचक कोट्या करतात. पुढच्या वेळी असं दृश्य दिसलं की कुत्र्याकडे नीट बघा. शेपूट पोटाखाली, कान मागे चिकटलेले, सीमारेषेच्या कडेकडेनं पळणं. ते खेळत नसतं, बाहेर पडायची वाट शोधत असतं. घरात याच्या सौम्य खुणा दिसतात: झोप आलेली नसताना जांभई, खायला काही नसताना ओठ चाटणं, उकडत नसताना धापा टाकणं, तोंड एकीकडे वळवून डोळ्यांचा पांढरा भाग दाखवत तिरकं बघणं. एवढं दिसलं तरी टीव्हीचा आवाज कमी करा. कुत्रं गुरगुरेपर्यंत थांबू नका, आणि गुरगुरल्याबद्दल त्याला कधीही दटावू नका. गुरगुरणं ही सूचना आहे. ती बंद केलीत तर पुढच्या वेळी ते न सांगता चावेल.

आता सवय कशी लावायची. मॅच नसताना, दुपारी, फोनवर एखाद्या जुन्या सामन्याची क्षणचित्रं लावा, आवाज इतका कमी की तुम्हालाच कान द्यावा लागेल. गर्दीचा आवाज चढला की लगेच उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा. शाकाहारी घरात पनीर चालेल. क्रम महत्त्वाचा: आधी आवाज, मग तुकडा. तुकडा दाखवून मग आवाज केलात तर कुत्र्याला चिकनचीच शंका यायला लागते. पाच मिनिटांत आटपा. दोन-तीन दिवस कुत्रं निवांत राहिलं तर आवाज एक घर वाढवा. कान मागे गेले तर दोन घरं खाली या. असं करत खऱ्या मॅचच्या आवाजापर्यंत यायला काही कुत्र्यांना आठवडा लागतो, काहींना दोन महिने. घाई करून उपयोग नाही. ‘राहू दे, होईल सवय’ म्हणून थेट फुल आवाजात बसवलेलं कुत्रं सरावत नाही. त्याची भीती उलट वाढत जाते.

मग प्रत्यक्ष मॅचला सोफ्याच्या हातावर एक वाटी ठेवा. विकेट पडली, ओरडलात, की लगेच एक तुकडा कुत्र्याच्या बाजूला टाका. आमच्याकडे हे खातं बाबांकडे आहे. ते बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन रेडिओवर ऐकत वाढलेले. त्यांचा स्वतःचा आवाज कधी चढत नाही, त्यामुळे वाटी त्यांच्याच हाती शोभते. चिंगी आता ‘हाऊज दॅट’ ऐकू आलं की पडद्याकडे ढुंकून न बघता थेट बाबांच्या उजव्या हाताकडे बघते. नॉट आऊट असलं तरी. तिसऱ्या पंचाचा निकाल येईपर्यंत वाट बघायला ती तयार नसते, आणि या बाबतीत माझं तिच्याशी एकमत आहे.

दुसरी सोय म्हणजे पळवाट. मॅच सुरू असलेल्या खोलीचं दार बंद करून कुत्र्याला आत कोंडू नका. आतल्या खोलीत, पलंगाखाली किंवा टेबलाखाली, त्याचं अंथरूण, पाण्याचं भांडं आणि पंखा सुरू ठेवा. तिथे गेलेल्या कुत्र्याला कुणीही, विशेषतः पाहुण्यांच्या मुलांनी, ओढून बाहेर आणायचं नाही. हा नियम दारातच सांगा. पाहुण्यांना आणखी एक सांगा: आल्या आल्या कुत्र्यावर वाकून डोक्यावर हात ठेवायचा नाही.

कसं जवळ जावं याचा सुंदर धडा फुटबॉलनं दिला आहे. १९६२ च्या विश्वचषकात चिलीतल्या विन्या देल मारला ब्राझील-इंग्लंड उपांत्यपूर्व सामना सुरू असताना एक कुत्रं मैदानात शिरलं आणि सगळ्यांना हुलकावण्या देत सुटलं. अखेर इंग्लंडचा जिमी ग्रीव्ह्ज हातापायांवर रांगायला बसला, कुत्र्याच्या उंचीला आला, आणि त्यानं ते उचललं. कुत्र्यानं त्याच्या शर्टावर शू केली, ती गोष्ट वेगळी. सामना ब्राझीलनं ३-१ जिंकला आणि ते कुत्रं पुढे गारिंचानं आपल्या घरी नेलं. दत्तक घेणाऱ्या क्रीडापटूंत मला तो सगळ्यांत आवडतो. तर पाहुण्यांनी ग्रीव्ह्जसारखं करावं: खाली बसावं, थोडं बाजूला तोंड करून, हात न लांबवता. कुत्र्याला यायचं असेल तर ते येईल.

टाइमआउटची शाळा

आयपीएलच्या सामन्यात अडीच मिनिटांचे चार टाइमआउट असतात. रणनीती ठरवायला म्हणे; प्रत्यक्षात जाहिरातींना. तुम्ही ते कुत्र्याला द्या. अडीच मिनिटं हा शिकवण्याचा उत्तम अवधी आहे, कारण त्याहून फार जास्त वेळ नव्या कुत्र्याचं लक्ष टिकतही नाही. एका टाइमआउटमध्ये एकच गोष्ट. पहिल्यात ‘बस’: तुकडा नाकासमोरून हळूच डोक्यावर न्यायचा, मान वर गेली की बूड आपोआप खाली टेकतं, टेकताक्षणी तुकडा. दुसऱ्यात नावानं हाक मारून बोलावणं. तिसऱ्यात अंथरुणावर जाऊन पडणं. चौथ्यात काही नाही, नुसतं पोट खाजवा.

नावाची गोष्ट निघालीच आहे म्हणून. कुत्र्याला हौसेनं चालू खेळाडूचं नाव देऊ नका. टीव्हीवर समालोचक रात्रभर तेच नाव घेणार, आणि दर वेळी कान टवकारूनही काहीच घडत नाही म्हटल्यावर कुत्रं त्या नावाकडे दुर्लक्ष करायला शिकणार. मग रस्त्यावर तुम्ही घसा फोडून हाक मारलीत तरी ते वळून बघणार नाही. निवृत्त खेळाडू चालतील. आमच्या ओळखीत एका लॅब्रॅडॉरचं नाव कर्नल आहे, वेंगसरकरांवरून. लॉर्ड्सवर तीन शतकं ठोकणाऱ्या माणसाचं टोपणनाव, हाक मारायला खणखणीत, आणि आता रोज टीव्हीवर येत नाही. याहून चांगलं नाव मला सुचत नाही, पण ते गेलं.

ताटातलं

मॅचच्या रात्री घरात येणारं जवळजवळ सगळं खाणं कुत्र्याला वाईट आहे. कांदाभजी, पावभाजी, कांदा पेरलेली भेळ: कांदा आणि लसूण, कच्चे असोत की शिजलेले, कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. त्रास लगेच दिसत नाही; काही दिवसांनी अशक्तपणा, फिकट हिरड्या, गडद लघवी. चिवड्यातले बेदाणे त्याहून धोक्याचे. द्राक्ष आणि बेदाण्यानं कुत्र्याची किडनी बंद पडू शकते आणि किती खाल्लं तर चालतं असं सुरक्षित प्रमाण सांगता येत नाही. सांगली-नाशिकच्या लोकांनी घरात बेदाण्याची पिशवी उघडी ठेवू नये. चॉकलेट नको, बिअर नको, शुगरफ्री च्युइंगगममधलं झायलिटॉल तर अजिबात नको. शिजलेल्या कोंबडीची हाडं टोकदार चिरफळतात आणि आतड्यात रुततात. बिर्याणीची ताटं जमिनीवर ठेवून रीप्ले बघत बसू नका. यातलं काही पोटात गेलं तर उलटीची वाट न बघता, किंवा घरगुती उपाय न करता, डॉक्टरांना फोन करा आणि काय, किती, किती वाजता खाल्लं ते सांगा.

पाहुण्यांना काहीतरी भरवायचंच असतं. त्यांच्यासाठी वेगळी वाटी ठेवा: काकडीचे, गाजराचे तुकडे, उकडलेलं अंडं, बिनमिठाचं चिकन. ‘फक्त या वाटीतलं’ असं एकदा स्पष्ट सांगितलं की लोक ऐकतात. एक काका सोडून. प्रत्येक घरात असतात.

गल्लीतला क्षेत्ररक्षक

मुलांना कुत्रं फिल्डिंगला उभं करायचं असतं, आणि कुत्र्यालाही ते आवडतं. पण सीझन बॉल तोंडात देऊ नका. चामडं फाटलं की आत दोरा आणि बूच असतं. दोरा गिळला गेला तर आतडं गोळा होऊन ऑपरेशनच करावं लागतं. टेनिस बॉल पकडून आणायला ठीक, चघळत बसायला नाही: वरची लव दात झिजवते आणि मोठी कुत्री तो दाबून अर्धा करतात. चेंडू कुत्र्याच्या घशात सहज जाईल इतका लहान कधीच नसावा. आणि तोंडातून चेंडू काढायला मागे धावू नका, ते त्याला खेळ वाटतो. हातात दुसरा चेंडू किंवा तुकडा धरा, ‘सोड’ म्हणा, त्यानं सोडला की पहिला उचलून लगेच परत फेका. सोडलं की मिळतं, हे कळलेलं कुत्रं आयुष्यभर काहीही सोडतं, रस्त्यावरचा मेलेला उंदीरसुद्धा.

एप्रिल-मेच्या दुपारी मात्र हा खेळ नको. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. ते मुख्यतः धापा टाकून अंग थंड करतं, आणि चेंडूच्या नादात ते स्वतःहून थांबत नाही. तुम्हीच थांबवायचं. रस्त्यावर हाताची मागची बाजू पाच-सात सेकंद टेकवता आली नाही तर त्याचे पंजेही तिथे भाजणार. त्यामुळे आयपीएलच्या दिवसांत संध्याकाळी साडेसहाला घाईघाईनं फिरवून मॅचला बसण्यापेक्षा पहाटे मोठी फेरी मारा आणि डावाच्या मध्यंतरात, सव्वानऊच्या सुमाराला, रस्ता निवल्यावर छोटी. जर्सीचं कापडही या उकाड्यात काढून ठेवा. फोटो काढायचा असेल तर काढा आणि लगेच उतरवा.

जिंकलो की

हरलेली मॅच कुत्र्याला जड जात नाही. १९ नोव्हेंबर २०२३ च्या रात्री अहमदाबादच्या फायनलनंतर सगळीकडे सामसूम होती. कुत्र्यांना इतकी शांत झोप विश्वचषकात मिळाली नसेल. एक पथ्य मात्र पाळा. भारत हरला की कुणीतरी ‘हे आलं तेव्हापासून...’ सुरू करतं, आणि कुत्रं पांढऱ्या पायाचं ठरतं. गावठी कुत्र्यांतल्या कितीतरी जणांचे पंजे खरंच पांढरे असल्यानं पुरावाही समोरच असतो. थट्टेपुरतं ठीक. लहान मुलांसमोर ते गंभीरपणे बोलू नका.

जिंकलेली रात्र कठीण. २९ जून २०२४ ला ब्रिजटाउनला सामना संपला तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा वाजत आले होते आणि गल्लोगल्ली फटाके सुरू झाले. २ नोव्हेंबर २०२५ ला हरमनप्रीत कौरच्या संघानं नवी मुंबईत दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला तो पावसानं सुरुवात लांबल्यामुळे मध्यरात्रीच्या सुमाराला. दोन्ही विजय माझ्या जिवाभावाचे, पण अशा रात्री सगळ्यांत जास्त कुत्री हरवायची भीती असते. घाबरलेलं कुत्रं अर्धवट उघड्या दारातून निसटतं आणि दिशा न बघता पळत सुटतं. नव्या कुत्र्याला तर परतीचा रस्ताही माहीत नसतो.

म्हणून फायनलच्या दिवशी संध्याकाळी लवकर, उजेडात, त्याला दमेपर्यंत फिरवा आणि पोटभर जेवू घाला. गळपट्ट्यावर तुमचा फोन नंबर पक्का लिहिलेला हवा. शेवटच्या पाच ओव्हर सुरू व्हायच्या आत शू उरकून घ्या, मग गॅलरीचं आणि मुख्य दार लावून टाका. जल्लोष करायला बाहेर पडणाऱ्यांनी कुत्रं बरोबर नेऊ नये, आणि जाताना दार ओढून घेतलं की नाही ते एकानं बघावं. आतल्या खोलीत पडदे लावा, पंखा किंवा कूलर फुल करा, साधं गाणं लावून ठेवा. कुत्रं तुमच्या जवळ येऊन थरथरत असेल तर जवळ घ्या. ‘लाड केलेत तर भीती वाढते’ हा जुना समज आहे. धीर दिल्यानं भीती वाढत नाही. ते पलंगाखाली गेलं असेल तर तिथेच राहू द्या. फटाक्यांनी त्याला खूपच त्रास होत असेल तर फायनलच्या आठवडाभर आधी डॉक्टरांना विचारा. अशा रात्रींसाठी औषधं असतात, पण ती त्यांनीच लिहून द्यायची. घरातली क्रोसिन किंवा आपल्या झोपेची गोळी अर्धी करून देण्याचा उद्योग करू नका.

शेजाऱ्यांशी मात्र आधीपासून जुळवून घ्या. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सोसायटीला ठराव करून पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. तरी नियमाचा कागद दाखवण्याआधी आपली बाजू स्वच्छ असावी: महापालिकेचा परवाना काढलेला, रेबीजच्या लसीचं प्रमाणपत्र हाताशी, लिफ्टमध्ये पट्टा आखूड धरलेला, आणि फिरायला जाताना खिशात विष्ठा उचलायची पिशवी. मॅच बघताना आपलंच घर सगळ्यांत जास्त ओरडत असेल तर दुसऱ्याला फटाक्यांबद्दल बोलायचं तोंड राहत नाही, हेही लक्षात असू द्या. रात्री दहा ते सकाळी सहा फटाके वाजवायला कायद्यानं मनाई आहे, पण विजयाच्या रात्री पोलिसांना फोन करून कुणाचं भलं झालेलं मी पाहिलेलं नाही. त्यापेक्षा सोसायटीच्या ग्रुपवर दोन ओळी टाका: घरात नवीन कुत्रं आहे, फटाके लावायचे तर गेटबाहेरच्या मोकळ्या जागेत लावा, आणि लावायच्या आधी पाच मिनिटं मला एक फोन करा. बहुतेक लोक करतात. हा निरोप फायनलच्या आदल्या दिवशी टाका. जिंकल्यावर ग्रुपवर कुणी काही वाचत नाही.